पत्र कोणास पोचले?

आमच्या गावाचे नाव पाकिटावर लिहिताना शेवटी कंसात ‘बी’ हे अक्षर घालावे लागते. ते राहून गेले तर पत्र हळ्ळीखेड (के) येथे जाण्याचा संभव असतो, आणि तिकडे गेलेली लग्नपत्रिका इकडे येईपर्यंत वऱ्हाड जेवून घरी परतलेले असते. ‘बी’ म्हणजे बुजुर्ग, ‘के’ म्हणजे खुर्द. महाराष्ट्रातील बुद्रुक तो हाच बुजुर्ग. त्यात ‘हळ्ळी’ म्हणजे कानडीत गाव आणि ‘खेड’ म्हणजे मराठीत गाव. तेव्हा आमच्या कानाला तरी हे नाव ‘गावगाव’ असेच ऐकू येते, आणि वर फारसीचे पागोटे! 1956 च्या 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्य विसर्जित झाले. आमच्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसुरात आलो. 1973 साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले, 2014 साली शेजारच्या गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. या सर्व काळात हळ्ळीखेड आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही; पत्ता मात्र बदलत राहिला. नाव निराळे आणि नावाचा धनी निराळा, हे ज्ञान आम्हां सरहद्दीवरच्या लोकांस मुंजीच्या वयातच होते.

पुढे वकिली पत्करल्यावर हेच ज्ञान ‘उर्फ’ या शब्दाच्या रूपाने पुन्हा भेटले. दाव्याच्या मथळ्यावर ‘अमुक उर्फ तमुक’ असे लिहिले नाही, तर हुकूमनामा हाती येऊनही बजावणीच्या वेळी प्रतिवादी ‘तो मी नव्हेच’ म्हणावयास मोकळा राहतो. इंग्रजी कागदांत यासच एलियस म्हणतात. हा मूळचा लॅटिन शब्द. जुन्या इंग्रजी न्यायपद्धतीत पहिले समन्स बजावले गेले नाही म्हणजे ‘पूर्वी आज्ञा केल्याप्रमाणे’ असे म्हणून दुसरे काढीत, आणि त्या दुसऱ्या समन्सालाच एलियस म्हणत. न पोचलेल्या पत्रापाठचे दुसरे पत्र! परीक्षेपुरते हे पाठ करून आम्ही विसरून गेलो होतो. त्याची आठवण एका यंत्राने करून दिली, ती कशी ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

आमच्या गावाजवळ एक लहानसे देवस्थान आहे. लहानसे म्हणावयाचे कारण, माणिकप्रभूंचे माणिकनगर जेथून हाकेच्या अंतरावर, तेथे दुसऱ्या कोणी स्वतःस मोठे म्हणवून घेऊ नये. परंतु ज्यांचे ते कुलदैवत, त्यांची घरे पुण्यास, सोलापुरास, हैदराबादेस आणि समुद्रापलीकडेही आहेत. कुलदैवत एका गावी आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी, ही स्थिती गोव्याकडील आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. अशा विखुरलेल्या मंडळींच्या पत्रांसाठी 2014 च्या संक्रांतीस, हैदराबादेत संगणकाची नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याने देवस्थानास एक लहानसा भाड्याचा सर्व्हर घेऊन दिला. सर्व्हरवर युनिक्सच्या कुळातील लिनक्स. आणि त्यावर चार नावे: पूजा, उत्सव, हिशेब आणि विश्वस्त. या नावांची माणसे जगात कोठेही नव्हती. ‘पूजा’कडे आलेले ई-पत्र पुजाऱ्यांच्या मोबाइलवर जाई, ‘हिशेब’कडचे चिटणीसांकडे, आणि ‘विश्वस्त’ या नावाने आलेले अण्णांकडे. अण्णा म्हणजे आमचे वडील विश्वस्त. गावातील निम्म्या लोकांना त्यांचे खरे नाव ठाऊक नव्हते. म्हणजे तेथेही उर्फच.

ही युक्ती आमच्या भाच्याची नव्हे. अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी पत्रे पोचविणारा ‘सेंडमेल’ नावाचा प्रोग्राम रचला, आणि तो 1983 च्या सुमारास तेथील युनिक्सबरोबर जगभर गेला. त्याच्याजवळ नावांची एक साधी वही असे. एका ओळीवर एक नाव. त्यापुढे आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे. त्यापुढे ज्यांना पोचवावयाचे त्यांचे पत्ते, मध्ये स्वल्पविराम. बस्स, एवढेच. वहीत बदल केला की ‘न्यूएलियसेस’ ही आज्ञा द्यावयाची, म्हणजे यंत्र त्या वहीवरून आपल्याला झटपट चाळता येईल अशी सूची करून घेते. पुढे 1998 साली वीत्से वेनेमा यांचे ‘पोस्टफिक्स’ आले, पण वहीचा हा रिवाज त्यांनी मोडला नाही. सरकारी दप्तराच्या नमुन्यांत दर दहा वर्षांनी होणाऱ्या उलथापालथी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या स्थैर्याचे मोल कळेल. आपल्या देशात 1986 साली सुरू झालेल्या एर्नेट योजनेत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या मुंबईच्या दोन संस्था होत्या. तेथील मंडळी आरंभीची पत्रे टेलिफोनच्या तारेवरून युनिक्स यंत्रांमार्फतच पाठवीत. सर्वसामान्य माणसास इंटरनेट मिळाले ते 1995 च्या 15 ऑगस्टला. आम्ही तेव्हा शाळेत होतो, आणि पत्र म्हणजे पोस्टमनच्या सायकलची घंटा, एवढेच जाणत होतो.

त्याच वर्षी, म्हणजे 2014 च्या एप्रिलपासून, देवस्थानाचे रस्त्याकडेचे तीन गाळे एका व्यापाऱ्यास पाच वर्षांच्या कराराने दिले. कराराचा मसुदा आमचा. गाळे दोन वर्षे रिकामे पडले होते, भाडेकरू हातचा जाऊ नये अशी सर्वांची इच्छा होती. म्हणून त्याच्या आग्रहाने आम्ही एक कलम घातले. मुदतीच्या अखेरीस भाडेकरूने नूतनीकरणाची इच्छा कळवावी; तीस दिवसांत विश्वस्तांनी हरकत न घेतल्यास त्याच भाड्याने आणखी पाच वर्षे करार चालू राहील. आणि कळवावयाचे कोठे? तर ‘विश्वस्त’ या नावाच्या ई-पत्त्यावर. नव्या युगाचे वकील म्हणवून घेण्याची हौस दुसरे काय! तीस दिवस पुष्कळ झाले, असे आम्हांस वाटले.

2018 च्या कार्तिकात अण्णा गेले. तेरा दिवस झाले, शोकसभा झाली, विश्वस्तांच्या जागी आमचे नाव सुचविले गेले. वहीतील एक ओळ बदलावयाची राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घर बंद असले तर पोस्टमन पत्र परत नेतो, ‘मालक मयत’ असा शेरा मारतो. पण मृत माणसाची ई-पत्रांची पेटी मरत नाही. ती उघडी राहते आणि येईल ते घेत राहते. पत्र परत येत नाही, म्हणून पाठविणाऱ्यास शंका येत नाही. आणि आमच्याकडे तर काही आलेच नव्हते. भाडेकरूने डिसेंबरात रीतसर पत्र धाडले. ते देवस्थानाच्या सर्व्हरवर आले, सर्व्हरने वही पाहिली, आणि क्षणार्धात ते अण्णांच्या पेटीत जाऊन पडले. मार्च 2019 मध्ये विश्वस्त मंडळी भाडेवाढीची बोलणी करावयास गेली, तेव्हा त्या सद्गृहस्थाने मोबाइल काढून पत्राची तारीख दाखविली. तो खोटे बोलत नव्हता, लबाडीही त्याने केली नव्हती.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, याचे 13 वे कलम आम्हांस चांगले परिचित होते. उभय पक्षांत निराळा ठराव नसेल, आणि स्वीकारणाऱ्याने पत्रांसाठी एखादे संगणकीय साधन नेमून दिले असेल, तर पत्र त्या साधनात शिरले त्याच क्षणी ते पोचले असे समजावयाचे. ते कोणी उघडले की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. भलत्याच साधनावर पाठविले असते, तर मात्र स्वीकारणाऱ्याने ते प्रत्यक्ष काढून घेतले तेव्हा पोचले असे झाले असते. साधन नेमून दिले होते आम्हीच, आमच्या हस्ताक्षरातील मसुद्याने. अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी की, काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका प्रकरणात हेच कलम पुढे करून आम्ही प्रतिपक्षास निरुत्तर केले होते.

बैठकीत आम्ही सांगितले, की भांडण्यासारखे काही नाही. पत्र पोचले आहे. चिटणीस हे निवृत्त शिक्षक, सारे गाव त्यांना मास्तर म्हणते. त्यांनी चष्मा काढून विचारले, “वकीलसाहेब, पत्र पोचले म्हणता, ते कोणास पोचले?”

“देवस्थानास.”

“आणि त्या दिवशी देवस्थानात कोण होते?”

आम्ही कायदा सांगावयास तोंड उघडले होते. देव ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, तिच्या नावे दावा चालतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात मान्य केले. देव कायम, त्याच्या वतीने वावरणारी माणसे तेवढी बदलणारी. परंतु हे बोलताना आमच्याच लक्षात आले की, मास्तर निराळे काही म्हणत नाहीत. देवाच्या नावाचे पत्र देवाला पोचले होते. पुढे ते माणसाच्या हाती देणे हे आमचे काम होते, आणि तेथे आम्ही नव्हतो. त्या तीन गाळ्यांच्या भाड्यावर दत्तजयंतीचे अन्नदान चाले. पाच वर्षे ते जुन्याच भाड्यात भागवावे लागले. पंगती दोनवरून एकीवर आल्या.

अण्णांचा मोबाइल सोलापुरास त्यांच्या मुलीजवळ होता. तिने तो बंद केला नव्हता. दर महिन्यास पैसे भरी, रात्री चार्जिंगला लावी. उघडून मात्र काही पाहिले नव्हते. आम्ही गेलो तेव्हा तिने तो देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून काढून दिला. “बाबांची पत्रे मी वाचायची म्हणजे...” एवढेच बोलली. ‘विश्वस्त’ या नावाची, न उघडलेली त्रेसष्ट पत्रे निघाली. भाडेकरूचे होते, वीजमंडळाचे होते. बाकीची बहुतेक भक्तांची. पूजेचा पत्ता असताना विश्वस्तांनाच लिहिले म्हणजे काम लवकर होते, असा आपल्या लोकांचा समज आहे. बेळगावच्या एका वृद्ध बाईंनी पतीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी अभिषेक व्हावा म्हणून तिथीनिशी लिहिले होते, आणि आठ दिवसांनी ‘झाला असेलच, प्रसाद टपालाने पाठवावा’ असे दुसरे पत्र धाडले होते. न पोचलेल्या पहिल्या पत्रापाठचे हे दुसरे. आम्हांस त्या जुन्या समन्साची आठवण झाली ती तेथे. तिथी टळून तीन महिने झाले होते. पुजाऱ्यांनी पुढच्या महिन्यातील त्याच तिथीस संकल्प सोडून अभिषेक केला. मास्तरांनी बाईंना खरे काय ते लिहून प्रसाद पाठविला. आमचे पत्र पाठविण्याचे धैर्य झाले नाही.

निघताना मुलगी म्हणाली, “नाव एवढ्यात खोडू नका.”

भाच्यास हे सांगितले तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, “मामा, खोडावे लागत नाही. ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह घातले की यंत्र ती ओळ वाचत नाही. ती तेथेच राहते, माणसाला दिसते.” आम्ही म्हटले, हे आम्हीच करू. चाळिशी उलटत असताना शेल स्क्रिप्ट लिहावयास शिकलो ते अशा रीतीने.

युनिक्सची रचना आपल्या देवळांसारखी आहे. आत गाभारा; त्याला कर्नेल म्हणतात. तेथे ऐऱ्यागैऱ्यास प्रवेश नाही. बाहेर सभामंडप, तो शेल. आपण मंडपात उभे राहून काय हवे ते सांगावयाचे, शेल ते आत पोचवितो आणि फळ बाहेर आणून देतो. रोज त्याच आज्ञा त्याच क्रमाने द्यावयाच्या असतील, तर त्या एका फायलीत ओळीने लिहून ठेवतात; ती स्क्रिप्ट. पूजाविधीची पोथीच म्हणा ना. आणि पत्रांच्या नावांची वही ही साध्या अक्षरांची फाइल असल्यामुळे, ओळी निवडणारी ग्रेप, क्रम लावणारी सॉर्ट, खाने वेगळे करणारी ऑक ही युनिक्सची जुनी हत्यारे तिला बिनतक्रार चालतात.

आम्ही मूळ वहीस हात लावणे बंद केले. मास्तरांकडे एक नोंदवही दिली, तीही फाइलच: नाव, ज्याला पत्र जावयाचे त्याचा पत्ता, आणि त्याची मुदत कधी संपते ती तारीख. गोव्यातील देवस्थानांत महाजनांची नोंदवही ठेवतात, तिचीच ही धाकटी बहीण. स्क्रिप्ट ही नोंदवही वाचून यंत्राची वही स्वतः तयार करते, न्यूएलियसेस चालविते, आणि काल व आज यांत काय फरक पडला तो मास्तरांना पत्राने कळविते. तिला ठरल्या वेळी उठविण्याचे काम क्रॉन नावाचा सेवक करतो. पहाटे साडेचार ही वेळ मास्तरांनी निवडली, कारण काकड आरतीला ते उठतातच.

पहिल्या स्क्रिप्टने मात्र आमची फटफजिती केली. मास्तरांनी एकदा नोंदवही जपून ठेवावी म्हणून तिचे नाव बदलून ‘जुनी’ असे केले, आणि नवी करावयाचे दुसऱ्या दिवसावर ढकलले. पहाटे स्क्रिप्ट उठली, तिला नोंदवही दिसली नाही. माणूस असता तर थांबून विचारता. तिने रिकाम्या नोंदवहीची रिकामी वही केली आणि कर्तव्य उरकले. दत्तजयंती दोन दिवसांवर. दुपारपर्यंत आलेले प्रत्येक पत्र ‘या नावाचे येथे कोणी नाही’ असा जबाब घेऊन परत गेले. ‘पोस्टमास्टर’ हेही नाव त्यात गेले. ज्या यंत्रावर पत्रे येतात तेथे दुसरे कोणी नसले तरी पोस्टमास्टर या नावाने कोणी तरी असलेच पाहिजे, असा दंडक इंटरनेटच्या पूर्वजांनी 1982 सालीच घालून ठेवला आहे. आमच्याकडे त्या नावाची पत्रे अर्थातच मास्तरांकडे जात.

तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये आम्ही खूप नकार लिहिले आहेत. नोंदवही सापडली नाही किंवा रिकामी असली तर काही करू नकोस. नवी वही आधी दुसऱ्या नावाने लिही, तपास, कालची प्रत बाजूस ठेव, आणि मग एकदम नाव बदलून ती जागेवर आण. म्हणजे अर्धी लिहिलेली वही यंत्राच्या हाती कधीच लागत नाही. ‘विश्वस्त’ चिटणीसांकडे आणि ‘चिटणीस’ पुन्हा विश्वस्तांकडे, असे एकमेकांकडे बोट दाखविणे आढळले तर थांब. (ही शेवटची अट सरकारी कार्यालयांस लागू करता आली तर किती बरे होईल!) तारीख उलटली म्हणून कोणाचे नाव आपण होऊन काढू नकोस, मास्तरांना विचार. आणि सर्वांत महत्त्वाची: कोणत्याही नावापुढे निदान दोन जिवंत पत्ते असल्याखेरीज ते नाव स्वीकारू नकोस. जिवंत पत्ता यंत्रास कसा ओळखता येणार, असे वाचक विचारतील. येत नाही. म्हणून दर महिन्याच्या पौर्णिमेस मास्तर प्रत्येक नावाला एक पत्र घालीत, आणि ज्याचे उत्तर आठ दिवसांत आले नाही त्याच्या घरी चालत जात. हा भाग स्क्रिप्टमध्ये लिहिण्याचा आमचा प्रयत्न त्यांनीच हाणून पाडला.

2024 च्या मार्चमध्ये गाळ्यांचा करार संपला. नव्या मसुद्यात सूचना ई-पत्राने आणि रजिस्टर्ड टपालाने अशी दोन्ही मार्गांनी द्यावयाची आहे, आणि मौन म्हणजे संमती हे कलम काढून टाकले आहे. भाडेकरू तोच आहे. भाडे त्याने कुरकुर न करता वाढवून दिले. गेल्या दत्तजयंतीस दोन पंगती उठल्या.

अण्णांची ओळ नोंदवहीत सर्वांत वर आहे, हॅशच्या चिन्हामागे. मास्तरांनी पुढे तिथी लिहून ठेवली आहे. तिच्याखालच्या ओळीत विश्वस्त म्हणून आमचे नाव आणि जोडीला मास्तरांचे. यंदा चैत्रात मास्तरांनी डोळ्यांमुळे काम सोडले, आणि आपली ओळ स्वतःच्या हाताने हॅशमागे घालून गेले. दुसऱ्या पहाटे स्क्रिप्टचे पत्र आमच्याकडे आले: ‘विश्वस्त: दुसरे नाव नाही. वही बदललेली नाही.’ असे चार दिवस चालले. भाचा फोनवर म्हणाला, “मामा, तुमच्यानंतर कोणाचे नाव घालू?” प्रश्न त्याने जोडीच्या नावाविषयी विचारला होता, पण आमच्या कानी तो निराळाच पडला, आणि उत्तर द्यावयास वेळ लागला.

संध्याकाळी सोलापुरास फोन केला. अण्णांची मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “बाबांची ओळ आहे ना अजून?” आहे म्हटल्यावर तिने आपला पत्ता सांगितला, एकेक अक्षर सुटे करून, आणि आम्ही तो वाचून दाखवीपर्यंत फोन ठेवला नाही.

पहाटे साडेचारला पत्र आले: ‘विश्वस्त: बदल एक. वही नवी केली.’